दोन हौशी खेळाडूंचा एक डाव, चालीमागून चाल

विश्वविजेतेपदाच्या लढतीतले डाव आपण आवडीने पाहतो, पण त्यातल्या निम्म्या चाली का खेळल्या गेल्या हे बहुतेकांना कळत नाही. तिथे जे घडता घडता टळलं ते पटावर दिसतच नाही. एकाने बेत रचलेला असतो, दुसऱ्याने तो तीन-चार चाली आधी हेरून मोडून काढलेला असतो, आणि पाहणाऱ्याच्या वाट्याला येते एक साधी, शांत चाल. क्लबात खेळणाऱ्या हौशी खेळाडूंचा डाव मात्र उघडा असतो. धमकी दिली जाते, समोरच्याला ती कधी दिसते, कधी दिसत नाही, हिशेब चुकतो, जिंकत आलेला डाव बरोबरीत सुटतो. डाव नेमका कुठे आणि कशाने फिरतो हे समजून घ्यायचं असेल तर नवख्याने आधी असेच डाव वाचावेत, असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी इथे एक नमुन्याचा डाव घेतला आहे. तो समजावण्यासाठी जुळवलेला आहे, पण त्यातली सुरुवात प्रचलित आहे आणि चुका क्लबातल्या पटांवर सतत होणाऱ्या आहेत. पांढऱ्याचं रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा, १६२० धरू, काळ्याचं १५२०. दोघांनाही खेळ चांगला येतो, दोघेही सवड मिळेल तशा स्पर्धा खेळतात आणि पोटापाण्यासाठी दुसरं काहीतरी करतात. मोहरे कसे चालतात एवढं वाचणाऱ्याला ठाऊक आहे असं गृहीत धरतो. बाकीचं लागेल तसं सांगत जाईन.

डाव सुरू होण्याआधी

घरी खेळणं आणि स्पर्धेत खेळणं यांत पहिला फरक घड्याळाचा. आपल्या डावात प्रत्येकाला ९० मिनिटं आणि पहिल्या चालीपासून दर चालीमागे ३० सेकंद जादा, अशी वेळ आहे. असा जादा वेळ देणाऱ्या घड्याळाचं पेटंट बॉबी फिशरला १९८९ मध्ये मिळालं आणि आज जवळपास सगळ्या मोठ्या स्पर्धा याच पद्धतीने खेळल्या जातात. डाव ६० चालींपर्यंत गेला तर प्रत्येकाच्या हाती दोन तास येतात, म्हणजे दोघांचे मिळून चार. हौशी खेळाडूच्या चुका समजून घेताना हे चार तास विसरून चालत नाही. तिसऱ्या तासानंतर डोकं जड होतं आणि पटावर मोहरे कमी उरलेत म्हणजे आता विचारही कमी लागेल असं वाटू लागतं. प्रत्यक्षात तिथेच एकेका चालीची किंमत सगळ्यात जास्त असते.

दुसरा फरक, हात लावलेला मोहरा चालवावाच लागतो. मोहरा घरात नीट बसवायचा असेल तर आधी तसं बोलून मग हात लावायचा. ‘जादूब’ हा फ्रेंच शब्द त्यासाठी जगभर चालतो. तिसरा फरक, प्रत्येक चाल स्कोअरशीटवर लिहायची, तीही खेळून झाल्यावर. आधी लिहून मग खेळायला नियमाने मनाई आहे. आणि ज्या हाताने चाल खेळली त्याच हाताने घड्याळ दाबायचं.

चाली लिहिण्याची रीत सोपी आहे. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून उजवीकडे आठ उभ्या पट्ट्यांना ए ते एच ही अक्षरं आणि पांढऱ्याच्या बाजूकडून समोर जाताना आडव्या रांगांना १ ते ८ हे आकडे. पांढरा राजा सुरुवातीला ई१ वर असतो, काळा ई८ वर. प्याद्याची चाल असेल तर फक्त घराचं नाव लिहितात. प्रत्येक क्रमांकापुढे आधी पांढऱ्याची चाल येते, मग काळ्याची. फक्त काळ्याची लिहायची असेल तर आधी टिंबं देतात.

पाठ असलेल्या सहा चाली

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ उंट सी५ ४. सी३ घोडा एफ६ ५. डी३ डी६ ६. किल्लेकोट, किल्लेकोट.

ही इटालियन ओपनिंग, म्हणजे डाव सुरू करण्याची एक ठरलेली पद्धत. ग्रेको या इटालियन खेळाडूच्या सतराव्या शतकातल्या हस्तलिखितांत ती आहे आणि आजचे ग्रँडमास्टरही ती खेळतात. क्लबात ती लोकप्रिय आहे कारण प्रत्येक चालीला पटकन पटेल असं कारण आहे. प्यादी मधली घरं धरतात, घोडे मधल्या घरांवर नजर ठेवतात आणि दोघांचेही उंट एकेका नाजूक घराकडे रोखलेले असतात. पांढऱ्याचा सी४ वरचा उंट एफ७ कडे पाहतो, काळ्याचा सी५ वरचा उंट एफ२ कडे. ही दोन घरं नाजूक का? डावाच्या सुरुवातीला त्यांना राजाशिवाय कोणाचाच आधार नसतो. किल्लेकोट केला, म्हणजे राजा कोपऱ्याकडे गेला आणि हत्ती त्याच्या पलीकडे एफ पट्टीवर आला, की त्या घराला हत्तीचाही आधार मिळतो.

एफ२ ला हत्तीचा आधार आहे हे ध्यानात असू द्या. पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

इथवर दोघांनी मिळून पाच मिनिटंही घेतलेली नाहीत. हौशी खेळाडू ओपनिंगच्या चाली पाठ करतो आणि त्यात गैर काहीच नाही. अडचण येते ती पाठांतर संपतं त्या घडीला. तिथे आपली चाल आता स्वतःच्या डोक्याने खेळायची आहे हे कळावं लागतं, आणि पट काही तसं सांगत नाही. सातवी चालही सहाव्या चालीसारखीच सहज हातून जाते.

सातवी चाल

पांढऱ्याने खेळलं हत्ती ई१. चाल सवयीची आहे. ई४ च्या प्याद्याला आधार मिळतो, शिवाय एफ१ हे घर मोकळं होतं आणि बी१ चा घोडा डी२ वरून एफ१ आणि तिथून जी३ असा राजाच्या बाजूला आणता येतो. बेत चांगला आहे. पण हत्ती एफ१ सोडून गेला आणि एफ२ चं प्यादं पुन्हा एकट्या राजाच्या भरवशावर राहिलं.

काळ्याने ते पाहिलं आणि खेळलं घोडा जी४. आता एफ२ वर दोघे रोखलेले आहेत, उंट आणि घोडा.

इथे क्लबातला खेळाडू काय करतो? घोडा जी४ वर आला की एच३ खेळून त्याला हुसकावायचं, ही चाल हाताला लागलेली असते. दहापैकी बऱ्याच वेळा ती बरोबरही असते. या डावात मात्र ८. एच३ खेळली असती तर घोडा मागे फिरलाच नसता. त्याने सरळ एफ२ चं प्यादं मारलं असतं. राजा त्या घोड्याला मारू शकत नाही, कारण सी५ चा उंट त्याला जोर देतो. घोडा एफ२ वरून डी१ च्या वजिरावर हल्ला करतो, म्हणून वजीर हलवावा लागतो, समजा ई२ वर. मग घोडा एच३ चं प्यादं मारतो आणि त्याच चालीत दोन शह बसतात: एक घोड्याचा, दुसरा त्याच्या हटण्याने मोकळ्या झालेल्या उंटाचा. दुहेरी शहाला उत्तर एकच, राजा हलवणं. जी२ चं प्यादं घोड्याला मारू शकेल असं दिसतं, पण तसं केलं तरी उंटाचा शह राहतोच, म्हणून ती चाल बेकायदा आहे. दोन प्यादी गेली, राजापुढची तटबंदी मोडली, आणि हे सगळं एका सवयीच्या चालीपायी.

एच३ आणि योग्य उत्तर यांच्यात अंतर आहे ते एका प्रश्नाचं. ‘हा घोडा इथून कसा घालवू?’ असं विचारलं तर उत्तर एच३ येतं. ‘हा घोडा इथे येऊन काय करणार आहे?’ असं विचारलं तर नजर एफ२ वर जाते. हौशी खेळाडू हल्ला करणाऱ्या मोहऱ्याकडे पाहतो. ज्या घरावर हल्ला झालाय तिकडे उशिरा पाहतो.

याबद्दल मानसशास्त्रज्ञांनी केलेलं काम फार सुंदर आहे. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान डे ग्रोट, जे स्वतःही उत्तम बुद्धिबळपटू होते, त्यांनी १९४० च्या दशकात खऱ्या डावांतली स्थिती खेळाडूंना काही सेकंद दाखवून ती आठवणीने पुन्हा मांडायला सांगितली. मास्टर जवळपास सगळा पट बिनचूक मांडत, दुबळ्या खेळाडूंना थोडेच मोहरे आठवत. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत चेस आणि सायमन यांनी मोहरे कसेही विखरून ठेवून तोच प्रयोग केला, तेव्हा मास्टरची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती मुळात वेगळी नव्हती. ते एकेक मोहरा पाहत नव्हते, मोहऱ्यांचे ओळखीचे गुच्छ पाहत होते. ‘किल्लेकोट झालेला राजा, हत्ती ई१ वर, एफ२ उघडं’ हा असाच एक गुच्छ आहे. ज्याने तो एकदा नीट ओळखला त्याला घोडा जी४ वर येण्याआधीच तिथे काहीतरी सलतं. हौशी खेळाडूच्या मनातही गुच्छ असतात, फक्त थोडे आणि ढोबळ: घोडा जी४, तर एच३.

आपल्या डावातल्या पांढऱ्याचं कौतुक करायला हवं. त्याचा हात एच प्याद्याकडे गेला आणि हवेतच थांबला. स्पर्श झाला नाही, त्यामुळे चाल बदलायला तो मोकळा होता. बारा मिनिटं विचार करून त्याने खेळलं ८. हत्ती ई२. आता एफ२ ला राजा आणि हत्ती असे दोन राखणदार आहेत.

सहा बरोबर सहा?

काळ्याने मोहऱ्यांच्या ठरीव गुणांनी मोजणी केली. एफ२ वर माझे दोन, त्याचे दोन. उंटाने प्यादं मारतो, हत्ती उंटाला मारतो, घोडा हत्तीला मारतो, राजा घोड्याला मारतो. माझा गेला उंट आणि घोडा, तीन आणि तीन सहा. मला मिळाला हत्ती आणि प्यादं, पाच आणि एक सहा. हिशेब बरोबरीचा, शिवाय पांढऱ्याचा राजा उघड्यावर आला. आणि त्याने ते केलं:

८. … उंट मारतो एफ२, शह ९. हत्ती मारतो एफ२ घोडा मारतो एफ२ १०. राजा मारतो एफ२.

क्लबात हा व्यवहार इतक्या वेळा होतो की त्यावर थांबायलाच हवं. मोहऱ्यांचे गुण हे शिकणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत. सर्वसाधारणपणे कोणता मोहरा किती कामाचा याचा तो अंदाज आहे. या घडीला, या पटावर तो किती कामाचा, हे त्यात येत नाही. हत्तीला उघडी पट्टी लागते. दहाव्या चालीला पटावर अजून प्यादीच प्यादी आहेत, त्यामुळे काळ्याचे दोन्ही हत्ती आपापल्या प्याद्यांमागे अडकून आहेत. घोडे आणि उंट मात्र अशा गर्दीतूनही वाट काढतात. एकाच घरावर तीन हलके मोहरे चालून आले तर दोन हत्ती ते घर राखताना दमतात.

आणखी एक गोष्ट मोजणीत आलीच नाही. काळ्याने दिले ते उंट आणि घोडा त्याचे सगळ्यात कार्यक्षम मोहरे होते. घोड्याने तर त्यासाठी दोन चाली खर्चल्या होत्या. अदलाबदल झाल्यावर पट पाहा: पांढऱ्याचा सी४ वरचा उंट आणि एफ३ वरचा घोडा मैदानात आहेत, काळ्याचा फक्त सी६ वरचा घोडा. गुण सारखे, पण पांढऱ्याची बाजू चांगली. अनुभवी खेळाडू इथे मारामारी न करता ताण तसाच ठेवतो. काळ्यासाठी प्रचलित चाल आहे ८. … राजा एच८, आणि मागोमाग एफ५.

ती चाल राजाच्या हलण्यानेच का सुरू होते, याचं उत्तर आपल्या डावातच मिळालं.

दहाव्या चालीला काळ्याला वाटलं, पांढरा राजा एफ२ वर आहे, तर एफ पट्टी उघडू आणि माझ्या एफ८ वरच्या हत्तीला काम देऊ. विचार अगदी योग्य. त्याने एफ७ चं प्यादं उचलून एफ५ वर ठेवलं आणि घड्याळ दाबलं. पांढऱ्याने क्षणभर पट पाहिला, घड्याळ थांबवलं आणि पंचांना बोलावलं. चाल बेकायदा होती. सी४ चा उंट डी५, ई६, एफ७ या तिरक्या रेषेतून थेट जी८ च्या राजाकडे पाहतोय आणि मधे फक्त एफ७ चं प्यादं उभं आहे. ते हललं की स्वतःच्याच राजाला शह बसतो. याला मोहरा जखडला जाणं म्हणतात. राजा एच८ ला गेलेला असता तर प्यादं मोकळं झालं असतं, म्हणून आधी राजा, मग एफ५.

पंचांनी नियमाप्रमाणे चाल मागे घ्यायला लावली आणि पांढऱ्याच्या घड्याळात २ मिनिटं वाढवली. शास्त्रीय वेळेच्या डावात पहिल्या बेकायदा चालीला एवढीच शिक्षा असते, दुसऱ्यांदा तसं झालं तर डाव जातो. आता प्रश्न आला हात लावलेल्या मोहऱ्याचा. बेकायदा चाल मागे घेतल्यावर शक्य असेल तर त्याच मोहऱ्याची कायदेशीर चाल खेळावी लागते. पण एफ प्याद्याला एक घर पुढे सरकणंही तितकंच बेकायदा आणि ई६ वर मारायला काही नाही. त्या प्याद्याला एकही चाल नव्हती, म्हणून काळ्याला हवी ती चाल खेळण्याची मुभा मिळाली. त्याने राजा एच८ वर नेला. पांढऱ्याने लगोलग आपला राजा जी१ वर परत आणला.

अशा वेळी पंचांना बोलावण्यात संकोच वाटू देऊ नये, हेही सांगायला हवं. समोरचा ओळखीचा असतो, रोज क्लबात भेटतो, म्हणून बरेच जण ‘अहो, मागे घ्या’ म्हणून विषय संपवतात. मग वेळ कुणाची चालू आहे, हात कशाला लागला होता, यावर नसता वाद होतो. पंच त्यासाठीच असतात.

मधला मोठा पट्टा

पुढच्या चाळीसेक चालींबद्दल थोडक्यात. काळ्याने एफ पट्टी उघडली, त्याच्या हत्तींना जरा वाव मिळाला. पांढऱ्याने शांतपणे मोहरे बाहेर काढले आणि पकड घेतली. पण चांगली स्थिती सांभाळण्याचाही ताण असतो आणि त्या ताणातून सुटण्यासाठी हौशी खेळाडू एक उपाय नेमाने करतो: समोर आलं ते बदलून टाकतो. प्रत्येक अदलाबदलीनंतर पट मोकळा होतो आणि सुटल्यासारखं वाटतं.

पुढे असलेल्याने काय बदलावं याचा जुना आणि भरवशाचा नियम आहे. मोहरे बदलावेत, प्यादी जपावीत. कारण शेवटी डाव जिंकून देतं ते आठव्या रांगेत जाऊन वजीर होणारं प्यादं. प्यादी जितकी कमी, तितकी समोरच्याला बरोबरीची आशा जास्त. पांढऱ्याने मोहरेही बदलले आणि प्यादीही. पन्नाशीच्या आसपास त्याच्याकडे एक हत्ती आणि जी२ वरचं प्यादं उरलं, काळ्याकडे नुसता हत्ती. मग हत्तीही बदलले गेले.

तीन मोहऱ्यांचा पट

आता पटावर एवढंच आहे: पांढरा राजा एफ३, पांढरं प्यादं जी२, काळा राजा जी५. चाल पांढऱ्याची. ही स्थिती खरोखर पट काढून मांडावी, कारण या तीन मोहऱ्यांत जे आहे ते वाचून अर्धंच कळतं.

पांढरा जिंकतो, पण एकाच चालीने: राजा जी३. आता दोन्ही राजे एकाच पट्टीवर समोरासमोर, मधे एक घर, आणि चाल काळ्याची. याला अपोझिशन म्हणतात. दोन राजे शेजारी येऊ शकत नाहीत, म्हणून मधल्या घरांत कोणालाच पाऊल टाकता येत नाही, आणि ज्याची चाल आहे त्याला वाट सोडावी लागते. काळा राजा एफ५ ला गेला तर पांढरा एच४ ला जातो. काळा एच५ ला गेला तर पांढरा एफ४ ला. मागे जी६ ला हटला तर पांढरा जी४ ला. तिन्ही वाटांनी पांढरा राजा चौथ्या रांगेत, प्याद्याच्या दोन घरं पुढे पोचतो. तिथे पोचला की डाव जिंकलाच. राजा पुढे राहून वाट मोकळी करतो, प्यादं मागून येतं.

इथे राजा हा लढणारा मोहरा आहे. चार तास ज्याला लपवून ठेवलं त्यालाच आता सर्वांत पुढे काढायचं असतं, आणि हौशी खेळाडूला हे उमगायला वेळ लागतो.

पांढऱ्याने जी२ च्या प्याद्याला हात लावला.

चाल खेळली गेलेली नाही, पण विजय गेला. हात लागला म्हणजे प्यादं चालवणं भाग, आणि त्याला दोनच चाली आहेत. जी३ खेळलं तर काळा राजा एफ५ ला येतो आणि अपोझिशन त्याच्या हाती जाते. जी४ खेळलं तर काळा जी६ ला हटतो आणि पुढे प्रत्येक वेळी पांढऱ्या राजासमोर उभा राहतो. दोन्हींत डाव बरोबरीचा.

पांढऱ्याने जी४ निवडलं. त्यानंतर काळ्याने जे केलं ते मनापासून शिकण्यासारखं आहे. राजा जी६, पांढरा राजा एफ४, काळा एफ६, प्यादं जी५ शह, काळा जी६, पांढरा राजा जी४, काळा जी७, पांढरा एफ५, काळा एफ७, प्यादं जी६ शह, काळा जी७, पांढरा राजा जी५. आता काळ्याला मागे हटायलाच हवं आणि घरं तीन आहेत: एफ८, जी८, एच८. त्यातलं एकच वाचवतं. एफ८ ला गेला तर पांढरा एफ६ ला येतो, एच८ ला गेला तर एच६ ला, आणि दोन्ही वेळा प्यादं वजीर होतं. काळा सरळ मागे, जी८ ला गेला. मग पांढरा एफ६, काळा एफ८. प्यादं जी७ शह, काळा जी८. आता पांढऱ्याने प्यादं राखायला राजा जी६ वर आणला तर काळ्याला शह नाही आणि हलायला एकही घर नाही. याला पत म्हणतात, आणि पत म्हणजे बरोबरी. राजा दुसरीकडे नेला तर प्यादं जातं. पांढऱ्याने राजा जी६ वर ठेवला आणि हात पुढे केला.

दोन चुका करून, पंचांकडून शिक्षा घेऊन, चौथ्या तासाला काळ्याने सलग नऊ अचूक चाली खेळल्या. ‘प्याद्यासमोर राहा, हटायचंच झालं तर सरळ मागे हट’ हे त्याने कधीतरी नीट शिकलं होतं. ओपनिंगच्या वीस चाली पाठ करायला जितका वेळ लागतो त्याच्या चौथ्या हिश्शात हे शिकून होतं आणि जन्मभर कामाला येतं. तरी क्लबात शिकवण्याचा क्रम बहुधा उलटा असतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अर्ध्या गुणाचा हिशेब

बरोबरीने दोघांना अर्धा-अर्धा गुण मिळाला. रेटिंगमध्ये मात्र वाटणी सारखी होत नाही. ही पद्धत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाद एलो यांची, आणि जागतिक संघटना फिडेने ती १९७० मध्ये स्वीकारली. तिचं मूळ सोपं आहे: दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून कोणाकडून किती गुणांची अपेक्षा आहे ते काढायचं आणि प्रत्यक्षात किती मिळाले याच्याशी ताडून पाहायचं. १०० चा फरक असेल तर वरच्या खेळाडूकडून ०.६४ गुणाची अपेक्षा असते, खालच्याकडून ०.३६ ची. अपेक्षेपेक्षा जे कमी-जास्त झालं त्याला एका ठरीव आकड्याने गुणतात. बऱ्याच क्लब खेळाडूंसाठी तो २० असतो.

पांढऱ्याला अपेक्षा ०.६४ ची, मिळाला ०.५. त्याचे २.८ अंक गेले. काळ्याचे तेवढेच वाढले. राजा जी३ खेळून पांढरा जिंकला असता तर त्याचे ७.२ वाढले असते. म्हणजे त्या एका स्पर्शाची किंमत बरोबर १० अंक.

डाव घरी नेल्यावर

आजकाल डाव संपला की स्कोअरशीटवरच्या चाली संगणकात भरतात आणि प्रत्येक चालीपुढचा आकडा पाहतात. इंजिन, म्हणजे चालींचं मोल काढणारा संगणकातला प्रोग्राम, एफ२ वरच्या मारामारीला नापसंत करेल आणि जी४ ला लाल खूण देईल. पण काळ्याने ‘सहा बरोबर सहा’ अशी मोजणी केली होती हे त्याला ठाऊक नाही आणि पांढऱ्याने प्याद्याला हात का लावला हेही नाही. म्हणून इंजिन लावण्याआधी प्रतिस्पर्ध्याबरोबर बसून डाव पुन्हा मांडावा आणि आपण तेव्हा काय विचार करत होतो ते एकमेकांना सांगावं. त्याच्याकडून हमखास अशी एखादी गोष्ट कळते जी आपल्याला पटावर दिसलीच नव्हती. स्कोअरशीटवर चालीशेजारी उरलेली वेळ टिपण्याची सवयही फार कामाची आहे. कोणत्या चालीला विचार केला आणि कोणती नुसती सवयीने खेळली, हे त्या आकड्यांवरून स्पष्ट दिसतं.

आणि तो तीन मोहऱ्यांचा पट दोघांनी आळीपाळीने दोन्ही बाजूंनी खेळून पाहावा. तो येऊ लागला की तिन्ही मोहरे एक रांग वर सरकवा: पांढरा राजा एफ४, प्यादं जी३, काळा राजा जी६. विजय अजूनही आहे आणि अजूनही राजाच्याच चालीने, जी४ वर. मग मूळ स्थिती एक पट्टी उजवीकडे सरकवा: पांढरा राजा जी३, प्यादं एच२, काळा राजा एच५. आता राजा हलवा किंवा प्यादं, काळा राजा एच८ च्या कोपऱ्यात जाऊन बसला की त्याला तिथून बाहेर काढायला पलीकडे पट्टीच उरलेली नाही, आणि डाव बरोबरीचाच राहतो.